ट्रंक ऑपरेटर चन्नम्माबाईंचं पान

कुंभारीचा महेश्वर घरात फायबरची वायर ओढायला आला, तेव्हा चन्नम्माबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "मधे लाइन जोडून द्यायला कोण बसतं रे?"

"कुणीच न्हाय, मावशी. मशिनंच जोडत्यात."

अडुसष्ट वर्षांच्या बाईंना हे पटेना. तरुणपणी सोलापूरच्या टेलिफोन केंद्रात त्या ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि गुलबर्ग्याच्या टोकाला शांतम्मा. "हेळ्री, सोलापूर," म्हणजे 'बोला, सोलापूर', हा तिचा आवाज अकरा वर्षं रोज ऐकला. चेहरा कधी पाहिला नाही.

"बरं, नेट आणि वेब यांत फरक काय?"

"एकच की," महेश्वर म्हणाला आणि जरा घुटमळला. "तसं कुनी इचारलं न्हाय अजून."

वायर लागली. बाई चार दिवस मोबाइलवर वाचत बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी महेश्वरला फोन लावला.

"एक नाही रे. नेट म्हणजे तुझ्या तारा आणि यंत्रं. ते आधीचं. वेब म्हणजे त्यावरची पानं, एका पानावरनं दुसऱ्यावर नेणारी. एकोणनव्वद साली स्वित्झर्लंडच्या एका प्रयोगशाळेत ती कल्पना निघाली. शास्त्रज्ञांना एकमेकांची कामं हुडकताना नाकी नऊ यायचे म्हणून. आणि पुढं ती जगाला फुकट देऊन टाकली."

"फुकट?" महेश्वर शिडीवर होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, "परत सांगा, मावशी."

मग बाईंनी शांतम्माला शोधलं. नाव, गाव, केंद्र, सगळं टाकून पाहिलं. साड्यांची दुकानं निघाली, लग्नाची स्थळं निघाली, शांतम्मा नाही. जगभरचं जाळं म्हणतात आणि ही त्यात कशी नाही? मग त्यांच्या ध्यानात आलं. कुणी लिहून ठेवलं असेल तेवढंच तिथं सापडणार. शांतम्माबद्दल कुणी लिहिलंच नव्हतं.

रविवारी महेश्वरनं त्यांना लिहायला वेबवर एक पान उघडून दिलं. बाईंनी एका बोटानं टाइप करत तीन दिवसांत ट्रंकच्या खोलीची हकीकत लिहिली: तिथले आठ बोर्ड, उकाडा, तुटणाऱ्या लाइनी, शांतम्माचा आवाज.

दोन महिने तिकडं कुणी फिरकलं नाही. मग लातूरच्या आबासाहेब नावाच्या निवृत्त ऑपरेटरांनी पानाखाली लिहिलं. शांतम्मा त्यांना ठाऊक नव्हती. 'पण ताई, त्या खोलीत बोर्ड आठ नव्हते, नऊ होते. मी तिथं ट्रेनिंगला होतो.'

बाईंनी डोळे मिटून भिंतीकडनं मोजायला घेतलं. दाराआडचा नववा खरंच राहून गेला होता. त्यांनी आकडा बदलला आणि आबासाहेबांना उलट विचारलं, त्या नवव्या बोर्डावर तेव्हा कोण बसायचं?