कोटेशनकाकांचं ऊन

कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी जो माणूस तीन भाजीवाल्यांकडे भाव विचारतो, त्याला चिक्कू म्हणायचं की पद्धतशीर, हे आमच्या गल्लीत शेवटपर्यंत ठरलं नाही. खांदेश्वर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांनी मात्र आपल्यापुरता निकाल लावला होता. काका लांबून दिसले की पहिलीच बाई ओरडायची, "काका, आदी त्या दोघींकडं जाऊन या, मंग माझ्याकडं या. मी हाय इथंच!" आणि काका खरंच त्या दोघींकडे जाऊन यायचे. त्यांना त्यात टोमणा दिसायचाच नाही. उलट घरी येऊन सांगायचे, "बाईला प्रोसिजर कळते."

तुर्भ्याच्या एका कारखान्यात ते खरेदी खात्यात होते. तिथे साधा झाडू घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं लागायची. आयुष्य त्यातच गेल्यामुळे निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण खातं सुटलं नाही. घराला रंग द्यायचा तर तीन रंगारी, दाढ दुखली तर तीन दाताचे डॉक्टर. तिसऱ्या डॉक्टरपर्यंत पोचेतो दाढ आपोआप पडली, हा काकांच्या मते पद्धतीचाच विजय होता. "एक भाव म्हणजे फसवणूक, दोन भाव म्हणजे भांडण, तीन भाव म्हणजे न्याय," असं ते म्हणायचे. दुसरं एक वाक्य तर आमच्या भिंतीलाही पाठ झालं असेल. आमची रो-हाऊस एकमेकांना चिकटलेली, भिंत सामाईक. "तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी!" हे त्यांचं वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

काकू याच्या बरोबर उलट. जे पहिलं दिसेल ते घेऊन मोकळी होणारी बाई. मी पेपर तपासायचे गठ्ठे घेऊन कधी त्यांच्या व्हरांड्यात बसले, की त्या हमखास सुरू करायच्या. "अगं, यांनी बायकोसुद्धा तीन मुली बघून केली. त्यात मी सगळ्यात कमी खर्चाची निघाले, म्हणून माझी ऑर्डर निघाली." काका पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "क्वालिटीसुद्धा बघितली होती." मग दोघंही हसायची. काकूंना हसता हसता खोकला यायचा, आणि खोकला आला की काका पेपर खाली ठेवायचे.

तो खोकला पुढे साधा राहिला नाही. काकूंची फुप्फुसं दिवसेंदिवस निकामी होत गेली आणि घरात ऑक्सिजनची मशीन आली. विजेवर चालणारी, चाकांची पेटी. तिची घरघर भिंतीतून मला ऐकू यायची. मशीनचं भांडण फक्त एकाच गोष्टीशी होतं, ते म्हणजे आमच्याकडच्या लाईटशी. पनवेलच्या बाजूला लाईट कधी जाईल याला ना वेळ ना काळ. जुना इन्व्हर्टर मशीनचा भार जेमतेम सोसायचा आणि मग बीप बीप करत मान टाकायचा. कोपऱ्यात डॉक्टरांनी ठेवायला लावलेला सिलिंडर होता, पण तो लावेपर्यंत काकूंचे डोळे असे व्हायचे की बघवत नसे. एकदा असंच झाल्यावर काकूंनी काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाकी काही नाही हो. मशीन बंद पडते ना, त्याची भीती वाटते." काका म्हणाले, "बंद पडू देणार नाही. शब्द देतो." कशाचीही हमी मागणाऱ्या त्या माणसाने स्वतः हमी दिल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

म्हणून सोलर. छत स्वतःचं, ऊन फुकटचं, मग लाईट गेली काय नि राहिली काय, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि लगेच कामाला लागले, म्हणजे अर्थातच तुलनेच्या. वाशीहून एक टायवाला आला, पनवेलहून एक 'डोळे झाकून घ्या' म्हणणारा आला. काका डोळे झाकून झोपतसुद्धा नसत. दोघांकडून नमुन्याचं एकेक पॅनल त्यांनी छतावर आणवून घेतलं, शेजारी शेजारी ठेवलं आणि भर दुपारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. कुठलं जास्त तापतं ते तळहात लावून बघत. कुठल्यावर कबुतरांची घाण पटकन धुतली जाते, खाणींकडची धूळ कुठे जास्त चिकटते, हेही बघून झालं. दोन्ही बाजूंनी ऊन खाणारं पॅनल असतं हे कळल्यावर तर त्यांनी खालची फरशी चुन्याने पांढरीफेक करून टाकली. मी विचारलं, हे कशाला? "बाई, डोसा एकाच बाजूने भाजला तर तुम्ही खाल का?" म्हणाले.

शेवटी गाडी वॉरंटीवर येऊन अडली. पनवेलवाल्याची पंचवीस वर्षं, टायवाल्याची तीस. काका सत्तरी ओलांडलेले. काकू नाकातली नळी सावरत म्हणाल्या, "तीस वर्षांनी तक्रार करायला कोण जाणार आहे हो?" काका गंभीरपणे म्हणाले, "पॅनलला कुठे माहीत आहे आपलं वय?"

न्यायाला तिसरं कोटेशन हवंच होतं. ते घेऊन आली खारघरची एक तरुण इंजिनिअर, परकार नावाची. म्हसळ्याकडची मुलगी, स्कूटरवरून यायची, बोलणं तुकडे तोडल्यासारखं. बाकीचे दोघे थेट छतावर गेले होते. ही मात्र खाली घरात थांबली, काकूंशी बोलली, मशीनकडे बघितलं आणि काकांना म्हणाली, "काका, सोलर कशासाठी हवंय?"

काकांना ते आवडलं नाही. खरेदी खात्यात प्रश्न खरेदी करणाऱ्याने विचारायचे असतात. "कशासाठी म्हणजे? लाईटसाठी. पॅनलचा भाव द्या." तिने भाव दिला, पण त्यात बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर घातलेला होता. झालं! काकांनी माझ्यासमोर निकाल दिला. "मी पॅनल मागितले, हिने बॅटरी लावली. न मागितलेलं गळ्यात मारायची ही जुनी ट्रिक आहे बाई, मी आयुष्यभर बघितली. सारख्याची सारख्याशी तुलनाच होत नाही. हे कोटेशन बाद." मुलगी म्हणत होती, "काका, एक मिनिट ऐका तर." पण बाद झालेल्या कोटेशनशी काका बोलत नसत. जाताना ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे. कधी लाईट गेली तर फोन करा." ती गेल्यावर काका मला म्हणाले, "बघा, टेंडर गेलं म्हणून शाप देऊन गेली."

तीस वर्षांवाली पॅनलं छतावर चढली. काय चकाकायची! काकांनी गल्लीत पेढे वाटले, सगळ्यांना जिना चढायला लावला, आणि त्याच उत्साहात जुना इन्व्हर्टर भंगारवाल्याला देऊन टाकला. भंगारवाले मात्र एकाच दिवशी तीन मिळाले नाहीत, याची त्यांना रुखरुख लागली होती.

मग चैत्रातल्या एका दुपारी लाईट गेली. मला सुट्टी होती, मी घरीच होते. माझा पंखा थांबला आणि काकांचा आवाज व्हरांड्यातून आला, विजयी वीरासारखा. "घाबरू नका, आपल्याकडे फरक नाही!" हे वाक्य संपतंय न संपतंय तोच भिंतीपलीकडून मशीनचं बीप सुरू झालं. मी चप्पल न घालता धावले. काकू पलंगावर वाकून बसलेल्या, ओठ निळसर, आणि काका कुठेच नाहीत. ते सिलिंडरकडे न जाता छताकडे धावले होते. मी सिलिंडर ओढला, मशीनची नळी काढून त्याला लावली. काकूंनी त्या अवस्थेत मला बोटाने खूण केली, ऑक्सिजन थोडा बारीक कर म्हणून. मग हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला. काका जिन्यावरून खाली आले. चेहरा उतरलेला, अंगाला घामाच्या धारा. मला म्हणाले, "ऊन आहे, बाई. भरपूर ऊन आहे वर."

त्यांनी टायवाल्याला फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. तो अगदी शांतपणे म्हणाला, "काका, आपलं ऑन-ग्रिड आहे ना. बाहेरची लाईट गेली की आपलं पण बंद. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही, काका."

काकांनी फोन ठेवला. पॅनलबद्दल त्यांनी जगातलं सगळं विचारलं होतं, आणि हेच तेवढं राहिलं होतं. मला काकांची फार दया आली, आणि तितकाच रागही आला. पण दोन्हीचा काही उपयोग नव्हता. काकू मात्र रागावल्या नाहीत. दम गोळा करून म्हणाल्या, "तीस वर्षांची वॉरंटी आहे ना? मग मला तोवर थांबावं लागेल." काका हसले नाहीत.

काकांनी स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी परकार स्कूटरवरून आली. 'मी म्हटलं होतं' हे तीन शब्द तिने उच्चारले नाहीत, याबद्दल मी तिला कायम मानेन. छतावर जाऊन आली आणि म्हणाली, "पॅनल एकदम मस्त निवडलेत काका. ते राहू दे. फक्त इन्व्हर्टर बदलू आणि बॅटरी लावू. कोटेशन पाठवते."

"कोटेशन नको," काका म्हणाले. "कधी लावता ते सांगा."

काकू पलंगावर उठून बसल्या. "अहो, ताप आलाय का तुम्हाला? एकच कोटेशन?"

"तुझ्या वेळेलाही एकच होतं."

"काय?"

"बाकीच्या दोघींकडे मी गेलोच नव्हतो. तुझ्या घरून निघालो तो सरळ स्टेशनवर. घरी सांगितलं तिन्ही बघून आलो म्हणून."

काकूंनी त्यांना हाताने जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "खोटारडा मेला! आणि एवढी वर्षं मला स्वस्तातली म्हणून मिरवू दिलंत?" परकारला कुठे बघावं कळेना, ती उगाच भिंतीवरचा बुद्धाचा फोटो न्याहाळत राहिली. काका तिच्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही विचारलं होतंत, कशासाठी हवंय. हिच्यासाठी हवंय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

नवी बॅटरी बसली आणि काकांना नवी सवय लागली. दर रविवारी सकाळी ते ओरडायचे, "टेस्टिंग!" आणि मेन स्विच खाली ओढायचे. मशीन घरघरत राहायची. काकू आतून अंगठा वर करायच्या, मग काका स्विच वर करायचे. आमच्या गल्लीत कुणीही सोलर घ्यायला निघालं की आधी काकांकडे यायचं. लोक विचारायचे कुठलं पॅनल चांगलं, आणि काका म्हणायचे, "पॅनलचं नंतर. आधी सांगा, कशासाठी हवंय?" टायवाल्याला त्यामुळे आमच्या गल्लीत पुन्हा धंदा झाला नाही.

आता काका नाशिकला लेकीकडे असतात. इथलं घर बंद आहे, पॅनलवर धूळ बसते, ती मी पाइप लावून धुते. सकाळी, ऊन चढायच्या आधी. तापल्यावर पाणी मारायचं नाही, हेही त्यांनीच बजावून ठेवलंय.

काकू गेल्या त्या दिवशी लाईट सकाळपासून नव्हती. कुठेतरी केबल जळाली होती. दुपारी काका माझ्या दारात आले. "बाई, जरा येता का?" आवाज नेहमीचाच. मी गेले. काकू शांत पडल्या होत्या. कपाळाला हात लावल्याबरोबर मला कळलं. नाकात नळी तशीच होती आणि पलंगाशेजारी मशीन आपली घरघरत होती.

"लाईट नाहीये ना तुमच्याकडे?" काकांनी विचारलं.

"नाही काका. सकाळपासून नाही."

"आणि मशीन चालू आहे."

"चालू आहे."

"एकदाही बंद पडली नाही. तुम्ही बघताय ना, बाई?"

मी हो म्हटलं. डॉक्टर आले, बघून गेले, जाताना मशीन बंद करा म्हणाले. काका मशीनजवळ गेले, वाकले, आणि तसेच मागे फिरून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही करता का?" ते पाठमोरेच म्हणाले. "मी तिला शब्द दिलाय, बंद पडू देणार नाही म्हणून."

मी बटण दाबलं.