बाजार सोडून सगळं शिकवणारी शाळा

ज्या बाजारात तुमचा मुलगा उद्या उभा राहणार आहे, तो बाजार त्याच्या शाळेत शिकवतात का? फळ्यावर काय लिहिलंय ते विचारत नाही. बाजार शिकवतात का, एवढंच सांगा.

आमच्या वाशीमच्या व्यापारी वर्गात, म्हणजे व्यापार शिकवणाऱ्या शाळेत, तो एके काळी शिकवत. मी आणि माझा चुलत भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, एकाच बाकावर बसत होतो. आम्ही किन्हीराजा गावचे. आमच्या घरात चळवळीची पत्रकं यायची आणि ती जेवताना मोठ्यानं वाचली जायची, म्हणून मी त्या वर्गात वाद घालायला गेलो होतो असं म्हटलं तरी चालेल. दादाचं तसं नव्हतं. त्याला गावानं पाठवलं होतं. दरसाल आमच्या कापसाच्या गाड्या बाजारात जात आणि भाव अडत्याच्या रुमालाखाली ठरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत, आणि बाहेर आल्यावर शेतकऱ्याला सांगत की झालं. यालाच हत्ता म्हणतात. ती बोटं वाचणारा एक माणूस आपल्यातला असावा, एवढीच गावाची इच्छा होती. काकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, पारावर सांगून टाकलं होतं, "आता आपलं पोरगं बसन तिथं. मंग पाहू कोण कोणाले फसवते."

हत्ता शिकवणारे मास्तर म्हणजे एका पेढीवरचे जुने दिवाणजी. माणूस प्रेमळ वगैरे मुळीच नव्हता. तपकीर ओढायचे, चुकलं की बोटंच पिरगाळायचे. दोघादोघांना समोरासमोर बसवून मधे पंचा टाकायचे. "तोंड कायले हालवतं बे? बोटानं बोल!" पंच्याखाली एक बोट, दोन बोटं, पंजा, मग उलटा हात, मग नख. दादा हे मन लावून शिके. मी मात्र भांडे. "गुरुजी, हे चोरून कशाला? भाव उघड का बोलत नाहीत?" ते म्हणत, "तू भाषण कर. त्याले शिकू दे."

दुसऱ्या वर्षी शाळाच बदलून गेली. बक्षीस समारंभ होता, मांडव घातला होता. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. हे बाजारातले सगळ्यात मोठे अडते. म्हणाले, जग बदलून राह्यलं, आपण मागं राहिलो तर पोरं आपल्याले नाव ठेवतील. विलायतेचा व्यापार तारेवर चालतो, पत्रावर चालतो. आता मोडी नको, तोंडी हिशेब नको, पंच्याखालचा तो जुना खेळ तर नकोच नको. मग दोन माणसांनी कापड झाकलेला टाइपरायटर आणून टेबलावर ठेवला. कापड काढलं तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. काकाही टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, पोराचं नशीब उघडलं.

अध्यक्षांचा एकही मुलगा आमच्या शाळेत नव्हता. ती पोरं लहानपणापासून बापाच्या मांडीला मांडी लावून गादीवर बसत, आणि हत्ता त्यांना घरीच येत होता. ही गोष्ट त्या मांडवात कुणाच्याही डोक्यात आली नाही. माझ्याही नाही, पंच्याखालचा खेळ बंद होणार हे ऐकून मलाही बरंच वाटलं होतं.

दिवाणजी गेले. त्यांच्या जागी नवे मास्तर आले, कोट घालणारे, स्वभावानं चांगले. त्यांनी इंग्रजी पत्र शिकवलं, लघुलेखन शिकवलं, आणि एका जाड पुस्तकातून बाजार शिकवला. त्या पुस्तकातल्या बाजारात माल सर्वांसमोर ठेवतात, बोली मोठ्यानं होते, जास्त देणारा माल नेतो. दादानं ते पान पाठ केलं. अर्धा शिकलेला हत्ता त्याच्या हातातून हळूहळू निघून गेला. त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण शाळेनंच सांगितलं होतं की ते संपलं.

शाळेत संपलं होतं. बाजारात नव्हतं.

परीक्षा झाल्यावरच्या हंगामात गावच्या गाड्या दादाच्या भरवशावर निघाल्या. काका आणि मीही बरोबर होतो. सकाळी बाजारात गाड्या सोडल्या, कापूस मोकळा केला. पहिला अडत्या आला, खरेदीदाराला घेऊन. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं हातावर टाकला. दादा पुढं झाला.

"शेठजी, रुमाल राहू द्या. भाव तोंडानं सांगा, सगळ्याइले ऐकू येऊ द्या."

अडत्या त्याच्याकडं बघतच राहिला. मग काकांकडं वळून म्हणाला, "पाटील, पोरगं कुठून आणलं हे?"

"आपलंच हाय. व्यापारी वर्गात शिकलं."

"लय शिकलं बापा! अरे, दवंडी पिटू काय भावाची? डफडं आणतो, तू वाजवशीन?"

आजूबाजूचे हसले. दादा हसला नाही. त्यानं पुस्तकातल्या त्या पानावरचं एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की माल ज्याचा त्याला भाव ऐकायचा हक्क आहे. मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि मोठ्यानं "बरोबर आहे" म्हणालो. आजही म्हणतो. त्याचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

अडत्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि पुढच्या गाडीकडं गेला. दुसरा आला, दुरूनच हात जोडून म्हणाला, "इथं मास्तरांचं काम हाय, आपल्यासारख्या अडाण्याचं नाही." तिसरा आलाच नाही. कुणी भांडलं नाही, धमकावलं नाही. फक्त आमच्या गाड्यांपाशी कुणी थांबेना. आजूबाजूचे ढीग उठत गेले आणि आमचा कापूस उन्हात, धुळीत तसाच पडून राहिला. दुपारनंतर तर येणारे जाणारे वाकून मूठभर कापूस उचलत, चोळत आणि म्हणत, "माती बसली याच्यावर."

दिवस कलला. बैल उपाशी होते. गावची माणसं दादाकडं बघत नव्हती, काकांकडं बघत होती. शेवटी काका उठले आणि सकाळच्याच अडत्याकडं गेले. त्याचा रुमाल, त्याचा हात, खरेदीदाराचा हात. काका समोर नुसते उभे. रुमालाखाली काय झालं ते त्यांना कळत नव्हतं. कधीच कळलं नव्हतं. अडत्या म्हणाला, "झालं, पाटील." काकांनी मान हलवली. भाव त्या दिवशी इतरांना मिळालेल्यापेक्षा खाली होता, हे घरी गेल्यावर शेजारच्या गावाकडून कळलं.

परतताना एकजण एवढंच बोलला, "तार कराले शिकवलं पोराले. कापूस इकाले नाही शिकवलं." दादा गाडीच्या मागं पायी चालत होता. काकांनी त्याला गाडीत बस म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी किन्हीराजातून त्या शाळेत कुणी गेलं नाही. शाळेचं काही अडलं नाही. आता तिथं दोन टाइपरायटर आहेत. दादा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात बसून खरेदीदारांची इंग्रजी पत्रं छापतो. त्याचा हात फार चांगला आहे, साहेब लोक तारीफ करतात. आमच्या गाड्या जिनिंगच्या फाटकावरून जातात तेव्हा तो खिडकीकडं पाठ करून बसतो. आणि गावात कुणी शिक्षणाचं नाव काढलं की माणसं एकमेकांकडं बघतात आणि विषय बदलतात. मला त्या एका दिवसाच्या पडलेल्या भावापेक्षा या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

जग बदलतं आहे, शाळांनी बदललं पाहिजे, हे मला मान्य आहे. हत्ता बंद झाला पाहिजे हेही मान्य. पण तो आधी बाजारात बंद करायचा होता. आधी शाळेत बंद केला, कारण शाळेत तो आमच्या हाती लागत होता.

म्हणून वाचणाऱ्याला एक काम सांगतो. तुमच्या गावच्या व्यापारी वर्गाच्या कमिटीत कोण बसतं आणि त्यांची स्वतःची पोरं कुठं शिकतात, ते येत्या सभेत उभं राहून विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका, आणि शेजारच्या माणसालाही उभं करा.