जैसे थे म्हणजे कधीचं?

अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाला स्थगिती दिली, ही बातमी आमच्या घरी मुलीच्या फोनवरून आली. ती लग्न होऊन तिकडे गेलेली. जावई मुदतीच्या व्हिसावर नोकरी करतो आणि ती त्याच्या आधाराने राहते. तिला नुकतेच दिवस गेले होते. हुकूम असा होता, की अशा आईबापांचं मूल तिथे जन्मलं तरी ते तिथलं नागरिक धरायचं नाही.

'पप्पा, स्थगिती मिळाली!' ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की बायको भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. माझे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणतं, सोप्यात बसले होते. ते म्हणाले, 'मशीन थांबलं का इचार तिला.'

'कसलं मशीन, आप्पा?'

'कसलं का असंना. थांबलं व्हय?'

तिला ते कळलं नाही. शेताचं प्रकरण तिच्या लग्नानंतरचं, आणि परदेशी पोरीला कशाला काळजी म्हणून आम्ही तिला अर्धंच सांगितलं होतं.

कंग्राळीच्या शिवारात आमची दोघा भावांची मिळून एक एकर सात गुंठे जमीन. नव्या रस्त्याच्या आखणीत तिच्यातले एकोणीस गुंठे जात होते. आम्ही काही जण कोर्टात गेलो. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. म्हणजे निकाल लागेपर्यंत कुणी काही हलवायचं नाही. मी कागद तीनदा वाचला आणि आप्पांना सांगितलं, आता निर्धास्त राहा. भात पोटरीला आलं होतं.

चार दिवसांनी सकाळी जेसीबी आला, मागे पोलिसांची गाडी. आप्पा कागद घेऊन बांधावर उभे राहिले. ठेकेदाराचा माणूस हसत कन्नडात म्हणाला, 'ऑर्डर नमगे बंदिल्ला.' आम्हाला ऑर्डर मिळालेली नाही. 'ही काय मग? धर की!' आप्पांनी कागद पुढे केला. त्याने हात मागे बांधले. कागद हातात घेतला असता तर तो मिळाल्यासारखं झालं असतं. आप्पा जेसीबीच्या पुढे जाऊन बसले, त्यांना उचलून गाडीत घातलं आणि दुपारपर्यंत भातावर मुरूम पडला.

पुढच्या तारखेला आम्ही हे सगळं कोर्टापुढे मांडलं. समोरच्या वकिलाने फोटो दाखवले. जागेवर रस्ता आहे, आजची स्थिती ही, तेव्हा जैसे थे म्हणजे हीच स्थिती. कोर्टाने पुन्हा जैसे थे दिलं. आता त्या आदेशाने रस्त्याला संरक्षण मिळालं होतं. आम्ही तिथे फावडं मारलं असतं तर कोर्टाचा अवमान आमचाच. ज्यांनी पहिला आदेश मोडला त्यांच्यावर काही झालं नाही. ज्यांनी तो दाखवला त्या आप्पांवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस आहे, आणि तिच्या तारखा अजून पडतात.

त्या फोननंतर मी अमेरिकेची कोर्टं वाचायला लागलो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ओतीव भागांची मापं तपासायचं माझं काम. वाचायची सवय आहे, आणि पटल्याशिवाय पुढे जायचं नाही हीसुद्धा. सुरुवातीला मी कायदा वाचत होतो. त्यांच्या घटनेतलं, तिथे जन्मेल तो तिथला नागरिक, हे वाक्य साधं आहे, मला इंग्रजीतूनही कळलं. नंतर लक्षात आलं, की बऱ्याच खटल्यांत कायदा न वाचता नुसतं कुठल्या न्यायाधीशाला कुणी नेमलं ते पाहिलं तरी निकाल आधी सांगता येतो. वरच्या कोर्टात नऊ जण. सहा एका पक्षाने नेमलेले, तीन दुसऱ्याने. मी निकालाआधी कागदावर आकडा लिहून ठेवायचो आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा. जावई फोनवर हसायचा, 'पप्पा, तुम्ही इकडं वकिली काढा.' मला हसू यायचं नाही. माप धरणाऱ्या माणसागणिक बदलत असेल तर ते माप आम्ही बाद करतो.

वरच्या कोर्टाने मग सांगितलं, की एका न्यायाधीशाने दिलेली स्थगिती सगळ्या देशाला लावायची नाही, जे दाद मागायला आले त्यांच्यापुरतीच धरायची. सहा विरुद्ध तीन. मुलीचा आवाज त्या दिवशी बारीक होता. 'पप्पा, आपण कुठं दाद मागायला गेलोय?'

त्याच आठवड्यात ती त्या हुकमाविरुद्धच्या मोर्चाला गेली. आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. 'लई माणसं आलती पप्पा. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन आलत्या. मी पण बोर्ड धरला.'

'फोटो कुणी काढला?'

'पप्पा!'

'काढला का सांग.'

काढला होता, तिच्याच फोनवर. शाळेत असताना तिला काळी फीत लावून सीमाप्रश्नाच्या मोर्चात मीच नेलं होतं. माझे वडील त्या मोर्चात चालले, मी चाललो, ती चालली. आमच्या भागाने कुठल्या राज्यात राहायचं तो खटला दिल्लीत आहे, माझे केस काळे होते तेव्हापासून. तरी मोर्चाला जाऊ नको असं घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. इथे फार तर केस अंगावर येते, घर सुटत नाही. तिकडे व्हिसावरच्या माणसाला बोर्ड धरल्याबद्दलही परत पाठवतील अशी भीती होती. तिने फोनमधला फोटो काढून टाकला. दुसऱ्यांच्या फोनमधले कोण काढणार?

खरा प्रश्न बायकोने काढला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिने खानापूरहून, तिच्या माहेराहून, डिंक आणून ठेवला होता आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायला घेतल्या होत्या. 'त्यांचं नागरिकत्व त्यांच्यापाशी. पोरगी हिकडं येऊ दे. आपलं बाळ आपल्यात हुईल,' ती म्हणाली.

मुलीलाही यायचं होतं. पण जावयाच्या कंपनीचा वकील म्हणाला, देश सोडू नका. परत जाताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, त्याच्या मुलाखतीच्या तारखा मिळत नाहीत, मिळाली तरी कुठलं कारण काढून नाकारतील सांगता येत नाही. नवरा तिकडे आणि बायको-बाळ इकडे, असं वर्षावर वर्ष होऊ शकतं.

एका रविवारी तिने थेट विचारलं, 'पप्पा, तुम्ही सांगा. येऊ का नको? तुम्ही म्हणाल तसं करते.'

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. आप्पा रिमोट हातात धरून टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंद होता.

'नको येऊस,' मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, 'व्हय, तुमचं गणित बरोबरच असतंय.' मग पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. आपणच तिकडे जावं म्हणून तिने व्हिसाचा अर्ज केला. मुलाखतीची जी तारीख मिळाली ती बाळ रांगायला लागल्यानंतरची होती.

नात श्रावणात झाली. तिसऱ्या दिवशी पोरगी दवाखान्यातून तिच्या घरी आली, जावयाची रजा कमी म्हणून एकटीच होती. फोन उशीला टेकवून ती बाळाला न्हाऊ घालत होती आणि बायको इकडून सांगत होती, 'मान धर गं, मान धर. तसं न्हवं!' पाणी गार तर नाही ना, हे तिने चारदा विचारलं. स्क्रीनमधून तिला ते कळायला मार्ग नव्हता.

तोवर दुसऱ्या एका न्यायाधीशाने वाट काढली होती. अशी सगळी बाळं एका गटात धरून त्याने सर्वांसाठी हुकूम पुन्हा थांबवला होता. नातीचा तिथला पासपोर्टही आला. मुलीने तो कॅमेऱ्यापुढे धरला. बायकोचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

'झालं की मग! आता घिऊन ये तिला.'

'आई, ती येऊ शकते. मी आले तर मला परत जाता येईल का न्हाय, ते ठाऊक न्हाय.'

'कोर्टानं सांगितलं न्हवं?'

'ते बाळाचं, आई. माझ्या शिक्क्याचं वेगळं.'

बायको माझ्याकडे वळली. 'अवो, मग त्या शिक्क्यासाठी कुठल्या कोर्टात जायचं?'

मी ते आधीच वाचलेलं होतं. वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने शिक्का नाकारला तर त्यावर अमेरिकेतलं कुठलंही कोर्ट सहसा बोलत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने दोनदा समजावून घेतलं. मग फोनमध्ये तोंड घालून मुलीला म्हणाली, 'बरं, तिला टोपडं घाल. उघडी नको ठेवू.'