शेऱ्याचा रकाना

बाबा मंगळवारी गेले. महिन्याने छावणी भागातली, ते जिथून केबल टीव्ही चालवायचे ती खोली आवरायला घेतली, तेव्हा भिंतींत मुरलेला उदबत्तीचा आणि तापलेल्या यंत्रांचा वास आला आणि दुष्काळातली ती निवडणूक आठवली. राजकीय जाहिरात दाखवायची तर परवानगीचा कागद हवा आणि जाहिरात देणाऱ्याचं नाव वहीत हवं, असा नियम होता. एका दुपारी उमेदवाराचा माणूस आला. टीव्हीवर खाली सरकणाऱ्या पट्टीत ‘साहेबांच्या कृपेने उद्या टँकर’ असं लावा, म्हणाला. “ही जाहिरात झाली. कागद आणा,” बाबा म्हणाले. “काका, ही तर पाण्याची सूचना हाय!” “मग साहेबांचं नाव काढतो आणि आत्ता लावतो, फुकट.” तो उठला. “बघा हं, तुमच्या गल्लीत टँकर यायचा नाय.” आणि खरंच आला नाही. आई हंडे उचलत म्हणाली, “भरा आता तुमच्या वहीत पाणी!” बाबा मोठा हंडा घेऊन तिच्यामागून लांबच्या गल्लीत गेले. खोली आवरताना ती वही सापडली. त्या तारखेपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘जाहिरात नाकारली, कागद नव्हता.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘सौ.ला पाण्यासाठी लांब जावे लागले. ती रागावली. तिचे बरोबर होते.’ आईला वाचून दाखवलं. “तेव्हा तोंडानं सांगायला काय झालं होतं?” ती म्हणाली, आणि वही माझ्या हातातून घेतली. आता ती तिच्या उशाशी असते.