पॉइंट पंचवीसचा तंगूस

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नणंदेला तर नाहीच. देवासमोर बसले तेव्हाही हळदकुंकू वाहून गुपचूप उठले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्याकडे कधी जेवायला येणार नाही.

एका रिळावरचा आकडा मी चुकीचा वाचून दाखवला. एवढंच. — एवढंच का?

मागच्या आठवड्यात दारावरचं मण्यांचं तोरण तुटलं. पंचेचाळीस वर्षांचा नायलॉनचा तंगूस, पिवळा पडून कडक झालेला, मणी ओटीभर. भावाकडे पेणला आले होते, तेव्हा रामवाडीतल्या दुकानात नवा घ्यायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, केवढा जाड देऊ? किती किलोचा? मासा धरायचाय की मणी ओवायचेत?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले. आणि काहीच न घेता दुकानाबाहेर आले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पेणची मुलगी ना! सासर रोह्याच्या खालच्या अंगाला, जिथवर भरतीचं पाणी नदीत चढतं तिथे. भात, भातामागून वाल. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकच नाद — गरवायला, गळ टाकून मासे धरायला, जायचं. बांबूची काठी, गरीला जिवंत कोलंबी, आणि घोट्यापर्यंत चिखल. त्यांची गाठ गावात नावाजलेली. आवळण्याआधी ती जिभेवर ओली करत. कोरडी आवळली की तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर पडतो, म्हणत. मी पदराआड हसायची.

त्या साली नणंदेचं लग्न झालं. जावई पहिल्यांदा जेवायला येणार होते. आमच्याकडे त्या ताटात जिताडा मासा हवा. आणि मामंजींच्या मते तो विकतचा चालत नाही. मी माहेरी निघाले, तसं त्यांनी सांगितलं: पॉइंट पन्नासचा तंगूस आण, पंधरा किलोचा. रिळावर दोन आकडे असतात — जाडी किती, आणि किती किलोला तुटेल. जाड घेतला तर मासा बिचकतो, बारीक घेतला तर हातचा जातो. नेमका कुठला, हे कळायला त्यांना तीस वर्षं लागली होती. मला दुकानात अर्धं मिनिट लागलं.

कारण माझ्या पिशवीत मणी होते. तेव्हा घरोघर तोरणांचं वेड — मोर, कमळ, सुस्वागतम्. पॉइंट पन्नास माझ्या मण्यांत शिरेना. पॉइंट पंचवीस झर्रकन गेला. पाच किलोचा होता. दोन्ही रिळं घेता आली असती की! पण मग मोराच्या डोळ्यांचे लाल मणी राहिले असते. म्हाताऱ्याच्या गरीला पाच किलोवरचा मासा कुठला यायला — असं ते पेणचं डोकं म्हणालं.

मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसायचं नाही. रीळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "गो, नंबर वाच."

मी वाचला. "पॉइंट पन्नास. पंधरा किलो."

तंगूस त्यांनी बोटांत फिरवला. पुन्हा फिरवला. "बारीक लागतोय."

"नव्या कंपनीचा आहे मामंजी. बारीक, पण चिवट."

ही कंपनी मी तिथल्या तिथे काढली. आणि त्यांनी काय केलं? स्वतःच्या बोटांवर नाही, माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

जावई यायच्या सकाळी मी टोपली घेऊन त्यांच्याबरोबर गेले. भरती चढत होती. जिताडा लागला — एकदाच वर आला, जबडा उघडून डोकं झटकलं. सात किलो तरी. काठी वाकली, मामंजी हळूहळू मागे सरकत होते. घाई नाही, ओढाताण नाही, तोंडावर लहान पोरासारखं हसू. मग टक्. केवढासा आवाज, बांगडी पिचते तसा.

टोक डोळ्यांजवळ नेऊन ते बघत राहिले. "गाठीत गेला," म्हणाले. "थुंकी लावायची राहिली असंल."

लावली होती. मी बघितली होती. त्या वेळी नदीवर आम्ही दोघंच — मला कोणी अडवलं होतं का? मी टोपली उचलली आणि पुढे चालू लागले.

जावयाला वालाचं बिरडं वाढलं. भला माणूस, बोटं चाटून जेवला. मामंजी मान खाली घालून जेवले. दुसऱ्या दिवशी काठी पडवीच्या वाशाला बांधून टाकली. मी उरलेला तंगूस तोरणात ओवला आणि रीळ चुलीत घातलं. हो, आकड्यांसकट. पुढे त्यांचा मोतीबिंदू निघाला, तरी काठी खाली आली नाही. डोळे आले पण हाताचा भरवसा गेला, असं लोकांना सांगत. संध्याकाळी ओटीवर वाल सोलत बसत. भरतीची वेळ झाली की उठून उभे राहत, नदीकडे बघत, आणि परत बसत. हे मी अकरा वर्षं बघितलं. रोज. त्यांच्या डोक्यावर माझा मोर.

शेवटच्या दिवाळीत मी स्टुलावर चढून तोरण पुसत होते. ते खालून बघत होते. हात वर करून एक लड धरली, हलकेच ओढून पाहिली — मासा लागलाय का बघतात तशी. लड सोडून ते म्हणाले,

"गाठ तुझ्याकडून शिकाया हवी होती मी, गो. एवढी वर्षं झाली, एक मणी नाय गळला."