जावेपेक्षा कमी साखर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी थोरली जाऊ शिलाई मशीनवर बाह्या जोडत होती, पण मनात धाकटीचा रिपोर्ट घोळत होता. दोघींनाही मधुमेह. धाकटीची साखर रोजच्या चालण्याने उतरली आणि घरभर तिचंच कौतुक. थोरलीच्या पोटात दुखलं. धाकटीला मागे टाकायचंच, म्हणून त्याच दिवशी स्वतःच्या तपासणीआधी ती दवाखान्याचे चार मजले तीनदा धावत चढली. साखर उलट वाढली.

"काकू, शर्यत होती का?" जिन्याचं ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. "एकदम दमछाक केली की अ‍ॅड्रेनालिन, ग्रोथ हार्मोन उसळतात, यकृत साखर सोडतं. ती नंतर उतरते. रोज बेतानं चाला. जावेबरोबर जा."

"तिच्याबरोबर? तिच्या पुढे जाईन!"

धाकटी सहाला निघते. थोरलीने उद्याचा गजर पावणेसहाचा लावला आहे.