कड्याखालची उदबत्ती

"बघितलं का?"

"बघितलं, मामा."

"डोळ्यानं बघितलं. हातानं बघितलं का?"

एवढं विचारून ते स्वतःच गाठीला दोन हिसके देत. गाठ दोराची असो, डब्याच्या फडक्याची असो, नाहीतर तुमच्या बुटाच्या लेसची. पन्नाशी ओलांडलेला माणूस भर कँटीनमध्ये वाकून आपली लेस ओढून बघतोय म्हटल्यावर तुम्हालाही कसंनुसं झालं असतं. मला तर संताप यायचा.

कारेगावच्या आमच्या कंपनीत ते मेंटेनन्सला फिटर होते, राहणार मांडवगण फराटा. मी पाटसची, क्वालिटीत. पदानं मी मोठी म्हणून ते मला मॅडम म्हणत, वयानं ते मोठे म्हणून मी त्यांना मामा. शेडवर, टाक्यांवर दोर बांधून चढण्यात त्यांची उभी नोकरी गेली. तेवढ्यानं हौस फिटत नव्हती की काय, रविवारी आम्हा पाच-सहा जणांना घेऊन ते जुन्नरकडचे कडे चढायला जात!

माझ्या पहिल्या चढाईच्या दिवशी गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि चक्क हुंगलं.

"अत्तर? सेंट? वासाचं तेल?"

दोघांना शर्ट बदलायला लावले. मग वर बोट दाखवलं. उजव्या कपारीखाली परातीएवढं काळं मोहोळ लटकत होतं.

"आग्या मोहोळ हाय. ते त्याच्या घरात, आपण आपल्या वाटंनं. वास न्हाई, आरडाओरडा न्हाई. माश्या उठल्याच तर सगळ्यांनी गाडीकडं पळायचं. दोरावरचा आन् दोर धरणारा सोडून."

आता माझं शहाणपण ऐका. आमच्या कंपनीत नारळ-उदबत्तीशिवाय झेरॉक्सचं मशीनसुद्धा सुरू होत नाही. मग मी जन्मात पहिल्यांदा कडा चढणार, ती काय तशीच? नारळ फोडला तर आवाज होईल म्हणून तो मी पिशवीतच ठेवला. केवढी ती अक्कल! पण देवाच्या उदबत्तीला कोण वास म्हणतं? मामा मागच्या वाटेनं वर दोर लावायला गेले, तेवढ्यात एका धोंड्याआड मी अख्खा पुडा पेटवला, हात जोडले आणि निर्धास्त झाले.

मामा खाली आले, वरून ओवून आणलेल्या दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतः धरलं, आणि मी चढू लागले. तीन मजले उंचीवर असेन. आधी बारीक घूं घूं ऐकू आली, मग मानेवर चटका बसला.

"पळा!" मामा बाकीच्यांवर ओरडले.

"मामा, सोडा मला खाली! लवकर!"

"घाई न्हाई. पाय कातळाला लावा." चहाला बोलवावं तसा आवाज.

मी खाली बघितलं. सगळे पळाले होते, सांगितल्याप्रमाणे. मामांचे दोन्ही हात दोरावर होते. कानांवर, भुवयांवर, ओठांवर माश्या बसत होत्या आणि तो माणूस एकही हात उचलत नव्हता. त्यांचा हात सुटला असता तर मी थेट धोंड्यांवर आदळले असते. दोर एका लयीत सुटत राहिला. मध्यावर मी भोकाड पसरलं, तसं त्यांच्या तोंडचं ‘मॅडम’ गेलं.

"पोरी, कातळाकडं बघ. आलीस, आलीस."

पाय टेकले तसं त्यांनी मला दोरातून सोडवलं आणि पायाशी ठेवलेली चादर माझ्या डोक्यावर टाकली. सकाळी याच चादरीवरून मी त्यांना विचारलं होतं, "मामा, झोपणार की काय?" त्या एका चादरीखाली आम्ही दोघं गाडीपर्यंत धावलो.

जुन्नरच्या दवाखान्यात माझे काटे पाच मिनिटांत निघाले. त्यांचे काढता काढता नर्स दमली. सुजून त्यांचे डोळे मिटले होते. हे माझ्यामुळे झालं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." बाहेरच्या बाकावर बसून मी हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आत गेले, तर त्या भोपळ्यासारख्या तोंडातून पहिला प्रश्न आला, "दोर आणला का कुणी?"

"मामा, मला एक सांगायचंय..."

"नगा सांगू. हसाय आलं तर लई दुखतंय."

कंपनीत चर्चा सुरू झाली. सेंट कुणी मारला होता? कोण ओरडलं? मामांनी निकाल देऊन टाकला, "वारा फिरला. माश्यास्नी काय कारण लागतंय व्हय?" आणि क्वालिटीत माझं काम काय, तर प्रत्येक चुकीचं मूळ कारण शोधून फॉर्मवर लिहायचं! मी मान खाली घालून चहा संपवला.

महिन्याभरात ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, रविवारी सकाळी सहाला." मी गेले. पुढेही जात राहिले. सांगायचं मात्र राहूनच गेलं.

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं. मी नारळ पुढे केला, तर ते हळूच माझ्याकडे झुकले.

"उदबत्ती न्हाई ना आणली?"

"तुम्हाला... कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही वर दोरावर हुता तवाच. वारा फिरला आन् नाकात वास शिरला की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही परत कड्याला हात लावला असता का?"

लोक टाळ्या वाजवत होते. उद्यापासून हा माणूस येणार नव्हता. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी पाया पडायला वाकले. लेकानं आणलेले नवे कोरे बूट त्यांच्या पायात होते आणि एकाची लेस सुटली होती. मी ती बांधली, आणि हातानं बघितली.